बायकॉटभाऊ

बायकॉटभाऊंचं खरं नाव इथे देण्यात अर्थ नाही. डेन्व्हरच्या मराठी मंडळींत ते कुणाला आठवतही नाही. गणपतीच्या वर्गणीच्या पावतीवर खजिनदार ‘बायकॉटभाऊ’ असंच लिहितात आणि भाऊ ती पावती घडी घालून पाकिटात जपतात. वय पन्नाशीपुढचं, अंग काटक, पोटऱ्या सह्याद्रीत घडलेल्या. मूळचे डोंबिवलीचे. नोकरी संगणकाची, जीव डोंगरात. शनिवारी पहाटे चारला आमच्या गल्लीत एकाच गॅरेजचा दरवाजा कुरकुरतो, तो भाऊंचा.

पहिल्या भेटीत मात्र नजरेत भरतात त्या काळ्या टेपच्या पट्ट्या. इलेक्ट्रिशियन वापरतात ती टेप. जॅकेटच्या छातीवर एक पट्टी, टोपीवर एक, सॅकवर तीन, दोन्ही बुटांवर एकेक. पाण्याच्या बाटलीला तर एवढी टेप गुंडाळलेली की आत पाणी किती उरलंय ते हलवून ऐकावं लागतं. एकदा पायवाटेवर एका म्हाताऱ्या अमेरिकन बाईंनी काळजीने विचारलं होतं, “सगळं फाटलंय का हो?” भाऊ म्हणाले, “फाटलेलं नाही. निषेध आहे.” बाईंनी त्यांना खिशातला एक चॉकलेट बार काढून दिला. भाऊंनी आधी त्यावरचं कंपनीचं नाव वाचलं, मगच खाल्ला.

डोंगरात वापरायचं सामान बनवणाऱ्या कंपन्यांचे मालक सार्वजनिक जमिनीबद्दल काय बोलतात, कुणाला देणग्या देतात, कुठल्या पत्रावर सह्या करतात, यावर भाऊंचं बारीक लक्ष असतं. जमीन सगळ्यांना खुली राहावी या मताचा मालक नसला की त्याचा माल बंद. या हिशेबासाठी त्यांनी संगणकावर एक तक्ता केला आहे. पहिल्या रकान्यात वस्तू, दुसऱ्यात कंपनी, तिसऱ्यात मालक, चौथ्यात मालकाचा मालक. पाचव्या रकान्याला ‘मूळ पुरुष’ असं शीर्षक आहे. तो बहुतेक ठिकाणी रिकामा आहे, कारण तिथपर्यंत पोहोचेस्तोवर रात्रीचे दोन वाजतात आणि वहिनी येऊन दिवा बंद करतात.

“अरे, 1905 साली पुण्यात विलायती कापडाची होळी झाली होती,” भाऊ मला सांगतात. “आपल्या रक्तातच आहे हे.”

“त्यांनी कापड जाळलं होतं,” आतून वहिनींचा आवाज येतो. “टेप नव्हती लावली.”

यावर भाऊंचं उत्तर तयार असतं. माल घेतला तेव्हा मालक बरा होता, तो नंतर बिघडला, आणि मोजलेले पैसे काही परत येत नाहीत. मग टाकून कशाला द्यायचं? फक्त त्याची जाहिरात आपल्या छातीवर फुकट मिरवायची नाही.

भाऊंना हसणं सोपं आहे, पण या वेडाच्या मुळाशी एक खरी कळ आहे. भाऊ वाढले त्या सह्याद्रीत वाट म्हणजे मामांना विचारायची गोष्ट. बांधावर कुणीतरी मामा उभे असतात. ते हात वर करून डाव्या अंगाची सोंड दाखवतात, पाण्याचं टाकं कुठे ते सांगतात आणि उतरताना घरी चहाला या म्हणतात. खाचराच्या बांधावरून गेलं म्हणून कुणी हटकत नाही आणि रात्र झाली तर कुणाची तरी पडवी असतेच. असा माणूस कोलोरॅडोत आला आणि पहिल्याच उन्हाळ्यात काटेरी तारेच्या कुंपणापुढे उभा राहिला. ‘खाजगी मालमत्ता, आत पाऊल टाकाल तर खटला भरू’ अशी पाटी होती आणि पाटीला बंदुकीच्या गोळ्यांची भोकं. भाऊंनी सवयीने हाक मारली. मामा आले नाहीत, कुत्रा आला. त्या कुत्र्याबद्दल भाऊ अजून वाईट बोलत नाहीत. तो नोकर होता म्हणतात.

भाऊंचा सुवर्णकाळ म्हणजे 2017 साल. होपी, नव्हाहो, झुनी आणि दोन यूट अशा पाच जमातींच्या मागणीवरून ओबामांनी जाता जाता, 28 डिसेंबर 2016 रोजी, यूटा राज्यातल्या बेअर्स इअर्सची साडेतेरा लाख एकर जमीन राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केली होती. यूटाच्या राज्यकर्त्यांना ते नको होतं. आणि डोंगरी सामानाच्या धंद्यातलं सगळ्यात मोठं व्यापारी प्रदर्शन, ‘आउटडोअर रिटेलर’, 1996 पासून त्याच यूटाच्या सॉल्ट लेक सिटीत भरत होतं. राज्याला त्यातून वर्षाला सुमारे साडेचार कोटी डॉलर मिळत. ब्लॅक डायमंड या गिर्यारोहणाच्या कंपनीचे संस्थापक पीटर मेटकाफ यांनी प्रदर्शन इथून हलवा असा आवाज उठवला, पॅटागोनिया या कंपनीने आम्ही येणार नाही असं जाहीर केलं, गव्हर्नरांशी फोनवर झालेली बोलणी फिसकटली आणि प्रदर्शनाने वीस वर्षांचा मुक्काम हलवला. कुठे, तर डेन्व्हरला.

“आपण आणलं!” भाऊंनी मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात तिळगूळ वाटता वाटता जाहीर केलं. भाऊंनी त्या वर्षी एक टोपी घ्यायची टाळली होती, एवढाच त्यांचा वाटा. पण लढा जिंकल्यावर सैन्य नेहमीच वाढतं.

जानेवारी 2018 मध्ये भाऊ रजा टाकून प्रदर्शन पाहायला गेले. दारात रखवालदाराने ओळखपत्र मागितलं. हे दुकानदारांचं आणि उत्पादकांचं प्रदर्शन. सामान्य माणसाला आत प्रवेश नसतो. सार्वजनिक जमीन सगळ्यांना खुली हवी म्हणून राज्य बदलून आलेल्या प्रदर्शनाचं दार भाऊंना बंद होतं. त्या सभागृहाबाहेर चाळीस फुटी निळं अस्वल काचेला नाक लावून आत डोकावत उभं आहे. भाऊही त्याच्या पायाशी उभे राहून काचेतून डोकावले, अस्वलाच्या कानांसकट फोटो काढून घेतला आणि ‘बेअर्स इअर्स शेवटी डेन्व्हरला आले’ असा मजकूर लिहून सगळ्यांना पाठवला.

त्याआधीच, 4 डिसेंबर 2017 रोजी, ट्रम्प यांनी ते स्मारक जवळपास 85 टक्क्यांनी कापलं होतं. प्रदर्शन हललं, पण कात्री थांबली नाही. 2021 मध्ये बायडन यांनी सीमा परत पूर्वीसारख्या केल्या, तेव्हा मधल्या काळात एक निवडणूक झाली होती. आणि जानेवारी 2023 मध्ये प्रदर्शन मुकाट्याने पुन्हा सॉल्ट लेक सिटीला गेलं. हा शेवटचा भाग भाऊ सांगत नाहीत. विचारला तर पाण्याची बाटली हलवून पाहतात.

त्यानंतर तक्ता बिघडत गेला. आधी सोपं होतं: कंपनी चांगली की वाईट. मग भाऊ ‘मालकाचा मालक’ या रकान्यात शिरले आणि तिथे त्यांना वाटच सापडेना. ज्या ब्लॅक डायमंडच्या माणसाने प्रदर्शन हलवायची हाळी दिली, त्या ब्लॅक डायमंडची आजची मालक क्लॅरस. क्लॅरसचे प्रमुख वॉरन कँडर्स. त्यांची दुसरी कंपनी अश्रुधुराची नळकांडी बनवत असे. त्यावरून न्यूयॉर्कच्या व्हिटनी कलासंग्रहालयात एवढी निदर्शनं झाली की 2019 मध्ये त्यांनी तिथल्या विश्वस्तपदाचा राजीनामा दिला. आता भाऊंची दोरी अडकवायची कडी चांगली की वाईट? हेतू चांगला, वारसा चांगला, मालक अवघड. शेवटी भाऊंनी कडीवर अर्धीच टेप लावली.

सॅकमधल्या पाण्याच्या नळीचंही तेच झालं. ती कॅमलबॅक या कंपनीची आणि कॅमलबॅकचा तेव्हाचा मालक व्हिस्टा आउटडोअर, ज्याच्याकडे सॅव्हेज बंदुकाही होत्या. 2018 मध्ये फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत गोळीबार झाल्यावर आर.ई.आय. या मोठ्या दुकानसाखळीने व्हिस्टाच्या नव्या मालाची मागणीच थांबवली. पुढच्या वर्षी व्हिस्टाने सॅव्हेज विकून टाकली. याचंही श्रेय भाऊ घेतात. त्यांनी नळी चोखायची बंद केली होती. मी म्हटलं, “भाऊ, पण दुकानाने कोट्यवधींची मागणी थांबवली म्हणून ते झालं ना?” भाऊ म्हणाले, “थेंबे थेंबे.” नळीला उद्देशून बोलले की मला, ते कळलं नाही.

आर्कटेरिक्सचं जॅकेट भाऊंनी कधी घेतलंच नव्हतं. ते त्यांना नेहमीच महाग वाटायचं. त्यामुळे सप्टेंबर 2025 मध्ये त्या कंपनीने तिबेटच्या उंच डोंगरावर कलेच्या नावाने दारूकाम उडवलं आणि जगभर शिव्या खाऊन माफी मागितली, तेव्हा भाऊ खूश झाले. न घेतलेल्या वस्तूवर बहिष्कार टाकायची संधी रोज येत नाही. त्या रात्री तक्त्यात हिरव्या रंगाने एक ओळ भरली गेली. शेजारी शेरा: ‘2011 पासूनच नाही.’

इथेच माझं आणि भाऊंचं खरं भांडण आहे. बहिष्काराला वजन येतं ते नेहमी घेत असलेली, हवीशी, सोयीची वस्तू सोडल्याने. भाऊ पाच वर्षांतून एकदा बूट घेतात, तेही सेलमध्ये. अशा गिऱ्हाइकाच्या रुसण्याने कुठल्या कंपनीच्या ताळेबंदातला दशांशही हलत नाही. हलतात ती बरोबर आलेली नवी पोरं. मंडळातर्फे दर जूनमध्ये नवख्यांना डोंगरावर नेतात. एकदा कॉलेजला आलेली नाशिकची एक मुलगी हौसेने नवीन बूट घालून आली. भाऊंनी वाटेवर तिला त्या बुटांच्या मालकाच्या मालकाची कुंडली सांगितली. वर पोहोचेपर्यंत तिला फोड आले. फोड बुटांनी आले की भाऊंनी, यावर मंडळात दोन तट पडले.

आणि गंमत अशी की भाऊंची वाट प्रत्यक्षात अडवली ती कुठल्याच कंपनीने नाही. आमच्याकडे चौदा हजार फुटांवरच्या शिखरांना फोर्टीनर म्हणतात. त्यातलं माउंट ब्रॉसचं शिखर खाजगी जमिनीत आहे आणि माथा बंद आहे. तिथे जुन्या चांदीच्या खाणींची विवरं आहेत. कुणी पडलं आणि दावा लावला तर आपलं काय, ही जमीनमालकांची भीती. ती उगाच नव्हती. एअर फोर्स अकॅडमीच्या आवारातल्या वाटेवर एका सायकलस्वाराला झालेल्या अपघातात 73 लाख डॉलर भरपाईचा निकाल लागला होता. त्यानंतर शेजारच्या माउंट लिंकन आणि माउंट डेमोक्रॅटचे मालकही काही काळ दार लावून बसले. भाऊंची पंचाईत झाली. मालक दुष्ट नव्हता, श्रीमंत उन्मत्तही नव्हता, त्याचा कुठला ब्रँडही नव्हता. टेप लावायची कशावर? पुढे 2023 मध्ये एका संवर्धन संस्थेने माउंट डेमोक्रॅटची 289 एकर जमीन रीतसर विकत घेऊन वनखात्याला दिली आणि 2024 मध्ये राज्याने जमीनमालकांवरच्या दाव्यांचा कायदाच दुरुस्त केला. विधिमंडळात या कायद्यावर सुनावण्या चालू होत्या तेव्हा भाऊ तंबूच्या कापडाचा मूळ पुरुष शोधत होते.

वायोमिंगच्या एल्क माउंटनचं प्रकरण भाऊंनी मनावर घेतलं, कारण तिथे एकदाचा मालक सापडला. तिथली जमीन बुद्धिबळाच्या पटासारखी आहे, एक घर सरकारचं, एक खाजगी. एकोणिसाव्या शतकात रेल्वे कंपनीला अशीच एकाआड एक घरं इनाम मिळाली होती. 2021 मध्ये मिझुरीच्या चार शिकाऱ्यांनी एक शिडी आणली आणि दोन सरकारी घरांचे कोपरे जिथे भिडतात तिथे ती उभी करून, मालकाच्या जमिनीला पाय न लावता, इकडून तिकडे उतरले. मालक म्हणाला, जमिनीवरची हवाही माझी. सत्तर लाख डॉलरांहून जास्त नुकसानीचा दावा. फौजदारी खटल्यात ज्यूरीने शिकाऱ्यांना निर्दोष सोडलं, मार्च 2025 मध्ये अपील न्यायालयानेही त्यांचीच बाजू घेतली आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालकाची याचिका ऐकायलाच नकार दिला.

भाऊ पेटले. मालक कोण? फ्रेड एशेलमन. धंदा काय? औषधं! आता भाऊंना लढाई दिसली. पण शोधता शोधता कळलं की एशेलमन यांनी स्थापन केलेली कंपनी औषधं विकत नव्हती, इतरांच्या औषधांच्या चाचण्या करून देत होती, आणि तीही त्यांच्या हातात राहिलेली नव्हती. म्हणजे कुठली गोळी सोडायची हे ठरवायला आधी प्रत्येक गोळीची चाचणी कुणी केली ते शोधणं आलं. भाऊ दोन दिवस रक्तदाबाच्या गोळीकडे संशयाने पाहत बसले.

“आधी गोळी घ्या,” वहिनी म्हणाल्या. “मग बघा तिचा बाप कोण ते.”

भाऊंच्या कारकिर्दीतला सगळ्यात मोठा पेच आला तो आर.ई.आय.चा. ही साखळी म्हणजे सहकारी संस्था. 1938 मध्ये सिॲटलच्या लॉइड आणि मेरी अँडरसन या गिर्यारोहक जोडप्याने, स्वस्तात चांगली बर्फाची कुऱ्हाड मिळावी म्हणून, मित्रमंडळींना जमवून काढलेली. आज तीस डॉलर भरले की आजन्म सभासदत्व. 2025 च्या सुरुवातीला या आर.ई.आय.ने इतर संस्थांबरोबर एका पत्रावर सही केली. डग बर्गम यांना गृहखात्याचे, म्हणजे इथल्या हिशेबाने सरकारी जमिनींच्या खात्याचे, मंत्री करण्याला पाठिंबा देणारं पत्र. सभासद खवळले. एप्रिलमध्ये नव्या प्रमुख मेरी बेथ लॉटन यांनी चूक झाली म्हणून जाहीर माफी मागितली.

भाऊंनी त्याआधीच तक्ता उघडला होता. वस्तू: सगळ्या. कंपनी: आर.ई.आय. मालक: सभासद. इथे भाऊंचा हात थांबला. सभासद क्रमांक त्यांच्याच पाकिटात होता. मालकावर बहिष्कार टाकायचा तर तो मालक भाऊ स्वतः.

“मग दोन दिवस स्वतःशी बोलू नका,” वहिनी म्हणाल्या. “घरातही शांतता होईल.”

भाऊंनी मधला मार्ग काढला. दुकानाची सगळी ई-मेल अडवून टाकली. जाहिरात नको, सेल नको, काही नको. आणि त्याच अडवलेल्या ढिगात संचालक मंडळाच्या निवडणुकीची मतपत्रिका आली, पडून राहिली आणि मुदत संपल्यावर नाहीशी झाली. त्या वर्षी सभासदांनी संचालक मंडळाने पुढे केलेले उमेदवार नाकारले. अशी गोष्ट सहकारी संस्थेत क्वचित घडते. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांचे सभासद असलेले वाचक हे जास्त चांगलं सांगू शकतील. निकाल लागला त्या संध्याकाळी भाऊ फार हळू जेवले. आयुष्यात एकदाच कंपनीच्या मालकीत त्यांचा वाटा होता, त्याला मत होतं, आणि ते मत भाऊंनी स्वतःच अडवून ठेवलं होतं.

जून 2025 मध्ये यूटाचे सिनेटर माइक ली यांनी मोठ्या अंदाजपत्रकी विधेयकात एक कलम घुसवलं: पश्चिमेकडच्या अकरा राज्यांतली वीस-तीस लाख एकर सार्वजनिक जमीन विकायची. मंडळात खळबळ माजली. एका गृहस्थांनी ली कंपनीच्या जीन्स पोत्यात भरल्या. सिनेटरांचा आणि त्या जीन्सचा काडीचाही संबंध नाही हे भाऊंनीच त्यांना तक्ता उघडून दाखवलं. भाऊंच्या तक्त्याचा एवढा एक उपयोग मी डोळ्यांनी पाहिला आहे. मग भाऊ कुठल्या कंपन्यांचे प्रमुख या प्रकरणी गप्प आहेत याची यादी करायला बसले.

वहिनींनी फोन उचलला. आधी आमच्या दोन्ही सिनेटरांच्या कचेऱ्यांत. तिथल्या पोरांनी सांगितलं, साहेब विरोधातच आहेत, मॅडम. मग वहिनींना आठवलं की त्यांची एक मैत्रीण आयडाहोत बॉइझीला असते आणि आयडाहोचे दोन्ही सिनेटर ली यांच्याच पक्षाचे. मैत्रिणीला फोन, मैत्रिणीच्या नणंदेला फोन, तिच्या भिशीतल्या बायकांना फोन. “दोन मिनिटं लागतात गं. नाव सांगायचं, पिनकोड सांगायचा, जमीन विकू नका म्हणायचं. वाद घालायचा नाही.” त्याच सुमाराला आयडाहोभर शिकारी, कोळी, गुराखी, सगळेच फोन करत होते. क्रेपो आणि रिश हे तिथले दोन्ही सिनेटर कलमाच्या विरोधात गेले. मोंटानाचेही बिथरले. 28 जूनला ली यांनी कलम मागे घेतलं.

वहिनी याचं श्रेय घेत नाहीत. विषय निघाला की म्हणतात, शिकाऱ्यांनी केलं. श्रेय घ्यायला भाऊ होते, पण या वेळी त्यांनीही घेतलं नाही. ते तक्त्यात कुठल्या रकान्यात लिहावं हे त्यांना सुचलं नाही.

मालकाच्या मतावरून त्याचा माल नाकारावा की नाही, असं मला कुणी सरळ विचारलं तर मी म्हणेन, खुशाल नाकारावा. आपले पैसे कुणाच्या खिशात जातात हे पाहायचा हक्क गिऱ्हाइकाला आहे, आणि आर.ई.आय.ला माफी मागावी लागली ती लोक पाहत होते म्हणूनच. पण त्याला एखाद्या शनिवारपेक्षा जास्त वेळ देऊ नये. जमीन खुली राहते ती सुनावणीत, कोर्टात, मतपेटीत आणि कधी कधी शिडीवर.

एवढं सगळं असूनही भाऊ माणूस लाखाचा आहे. डेन्व्हरला उन्हाळ्यात आलात तर त्यांच्याबरोबर डोंगरावर जरूर जा. वाट त्यांना पाठ आहे, दुपारची वीज-वादळं कधी येतील ते वाऱ्यावरून ओळखतात, थालीपिठं चार जास्तीची आणतात आणि दमलेल्याची सॅक न मागता उचलतात. फक्त नवीन जॅकेट घालून जाऊ नका. लेबल आतल्या बाजूला असलं तरी ते कॉलर उलटून पाहतात, आणि टेप त्यांच्या खिशातच असते.